चाळिसाव्या पानावरचे हातमोजे

वाचनकट्ट्यावर आज माझी कादंबरी होती. सगळ्यांनी कौतुक केलं, पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या बाबांकडे. कारखान्यात लेथ यंत्रावर कातलेले सुटे भाग, म्हणजे जॉब, तपासण्यात त्यांची हयात गेली. पुस्तक देऊन महिना झाला तरी अवाक्षर नाही. शेवटी ते उठले. "चाळिसाव्या पानावर चूक आहे. लेथवर हातमोजे घालत नाहीत, अडकले तर हात ओढला जातो. माझ्या घरात वाढून हिला एवढं कळू नये?" मी मान खाली घातली. त्यांनी आपली प्रत माझ्यापुढे ठेवली. 'हातमोजे'भोवती लाल गोल होता. शेवटच्या पानावर मात्र, पास झालेल्या जॉबच्या कागदावर करायचे तशी, हिरव्या शाईत सही. त्यांच्याबरोबर आलेले, कारखान्यात लेथ चालवणारे टर्नरकाका डोकावले. "चूक असूनही सही? माझा जॉब केसभर चुकला तरी परत पाठवायचास." बाबा खुर्चीत टेकत म्हणाले, "तुझे जॉब मी घरी नेऊन तीन-तीनदा बघायचो का?"