दुभाषी

“ते नव्हेत, आई! हे दुसरे आहेत!”

यादिरा ओरडली तोवर ओफेलियानं मागचं दार उघडून एक पाय बाहेर टाकलाही होता. पायात चपला नव्हत्या. पुढच्या दारात गणवेश दिसला की ती आधी पळायची, मग विचार करायची. पोर इथंच जन्मलेली, पण ओफेलियाजवळ या देशात राहायचा कागद कधीच नव्हता; सापडली तर तिला उचलून सीमेपार धाडलं असतं.

“दुसरे म्हणजे कुठले?”

“फौजेचे. ते फोन करतात ना, ते.”

ओफेलिया आत आली. भीती उतरली आणि रागानं डोकं तापलं. बरं वाटलं तिला. राग करायची चैन तिला क्वचितच मिळायची.

फोन थंडीच्या आधीपासून येत होते. शाळेनं सगळ्या पोरांची एक परीक्षा घेतली. कुणाला कुठलं काम जमेल ते कळेल म्हणे. परीक्षा फौजेची होती, हे मागाहून कळलं. यादिराला भरघोस गुण पडले आणि फोन वाजायला लागला. नंबरही शाळेनंच दिला होता. नको असेल तर आईबापांनी तसं लेखी कळवायचं असतं. पण तसं सांगणारा कागद घरी आला तो इंग्रजीत, आणि या घरात इंग्रजी वाचणारी एकटी यादिरा. गावाच्या वरच्या अंगाला, डॉक्टर-वकिलांच्या दारात, हे गणवेश जाऊन उभे राहत नाहीत. तिथली पोरं कॉलेजात जाणार हे त्यांना मान्य असतं. यादिराही जाणार होती. प्रवेश झाला होता, फी माफ झाली होती. कोंबड्यांच्या कारखान्यात ओफेलियानं ही बातमी इतक्यांदा सांगितली होती, की कापणीच्या रांगेवरच्या बाया तिला ‘कुलगुरूबाई’ म्हणून हाक मारायच्या.

सार्जंट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. छातीवर नावाची पट्टी, मॅकी, गोऱ्यांचं नाव. घारे डोळे, उन्हानं लाल झालेली मान. ओफेलियानं त्याच्यापुढे कॉफी आणि गोड पाव आपटला. घरी आलेल्याला उपाशी घालवायची तिची रीत नव्हती.

“खा म्हणाव, आणि चालता हो म्हणाव,” ती स्पॅनिशमध्ये म्हणाली.

यादिरानं इंग्रजी करून सांगितलं, “आई म्हणतेय, घ्या ना, संकोच करू नका.”

“त्याला सांग, माझी पोर शिकणार आहे. मी काय तिला बंदूक उचलायला वाढवली? तुझ्याच पोरांना पाठव म्हणाव, लाल मानेच्या टर्की कोंबड्या!”

“आई विचारतेय, प्रशिक्षण कुठं असतं?”

सार्जंटचा हात मानेवर गेला. “जॉर्जिया राज्यात,” तो इंग्रजीत म्हणाला. “दहा आठवडे.”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, हरकत नाही. या कागदावर सही केलीस की परत फोन करणार नाही, घरीही येणार नाही.”

सार्जंटनं कागद पुढे सरकवला. यादिराला अजून अठरा पूर्ण व्हायची होती. आईच्या सहीशिवाय फौज तिला घेऊ शकत नव्हती. आणि बाप कधीच नव्हता.

“एवढंच?” ओफेलिया हसली. “मग आधीच नाही का आणायचा मेल्यानं! कुठं करू सही?”

“इथं.” यादिरानं कागदावर बोट ठेवलं. तिनं ते दाबून धरलं.

ओफेलियानं पेन उचललं. कारखान्यातल्या थंडीनं तिची बोटं नीट वळत नसत, म्हणून तिनं ते मुठीत धरलं आणि कागदावर वाकली.

सार्जंटनं कागदावर हात ठेवला.

“सही करू नका, ताई,” तो म्हणाला. स्पॅनिशमध्ये. स्वच्छ, गावाकडच्या स्पॅनिशमध्ये. “हा भरतीचा कागद आहे.”

ओफेलियाचं तोंड उघडंच राहिलं. यादिरा पांढरीफटक पडली.

“तुला येते आपली बोली?”

“नाव बापाचं आहे. बोली आईची.”

“मग मघापासून सगळं ऐकत काय बसला होतास, बेशरमा?”

ओफेलिया पोरीकडे वळली. “फसवलंस मला? सख्ख्या आईला? काय कमी पडलं तुला? पैसा हवाय? गणवेशाची हौस आलीये?”

यादिरानं मान खाली घातली. घरात कुणाचंही बोलणं कुणालाही पोचवणारी पोर, तिला आता कुठल्याच भाषेत शब्द सापडेना.

“तिनं पगार विचारला नाही, ताई,” सार्जंट म्हणाला. “आमच्याकडे पोरं आली की आधी पगार विचारतात. हिनं फोनवर एकच विचारलं. मी फौजेत गेले, तर माझ्या आईला कुणी उचलून नेणार नाही ना?”

ओफेलियाच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं. कुणी उचललं नाही.

“मग? तू काय सांगितलंस तिला?”

“सांगितलं, नाही नेणार. फौजेतल्यांच्या आईबापांना राहू देतात.”

“खरंय ते?”

सार्जंट उठला. टोपी हातात घेतली. ती घालायचं त्याला सुचेना.

“मीही तेच ऐकून भरती झालो होतो.”

“मग आई कुठं असते तुझी?”

“मेक्सिकोत,” तो म्हणाला. “मी लढाईवर होतो तेव्हा नेली तिला.”