बुजगावणं

"तुम्ही आज बुजगावणं," नवा कोच म्हणाला, आणि मर्ल कुचेराच्या हातातला कागदी कप कॉफीसकट चेपला गेला.

"म्हणजे?"

"लाल टोपीवाला पोरगा मैदानाच्या कडेवरून खेळाडूंना चालींच्या खऱ्या खुणा करील. तुम्ही आणि निळी टोपी, दोघं नुसते समोरच्यांना चकवायला. पण हात खरे वाटले पाहिजेत हं. तुम्ही हेड कोच असतात तर जी चाल सांगितली असती, तिचीच खूण करायची. बिनधास्त."

हेड कोच असतात तर! जखमेवर मीठ चोळावं तर असं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात हेड कोच डॉयल प्रुएटच्या हाताखाली मर्लने सहायक म्हणून उभी हयात काढली होती, आणि डॉयलने एका सामन्यातही त्याला चाल सांगू दिली नव्हती. हिवाळ्यात डॉयल जादा पगारावर शेजारच्या कॉलेजात गेला, तेव्हा गावातल्या न्हाव्याने मर्लचं अभिनंदनसुद्धा करून टाकलं. आणि कॉलेजने आणला कोण, तर क्विन्सी बार्नहार्ट. मर्लच्या मुलीपेक्षा लहान.

बरं, पोरगा गोडबोल्या. उन्हाळाभर संध्याकाळी मर्लच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. मर्लच्या बायकोच्या, लॉइसच्या हातचे कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, हाणायचा आणि विचारत राहायचा, "इथे अडलो तर तुम्ही काय कराल? आणि तिथे?" मर्ल भोळा, सगळं सांगत गेला. आता कळलं कशासाठी ते. रस पिळून झाला, चोथा उन्हात उभा.

"आज सामना संपला की सांगून टाकते हो मी त्याला तुमच्या राजीनाम्याचं," लॉइस सकाळी म्हणाली होती.

"तू कशाला? मीच सांगतो."

पहिलाच सामना, आणि तोही डॉयलच्या नव्या संघाशी. सुरू होण्याआधी डॉयल मैदान ओलांडून आला.

"काय मर्ल्या, अजून जिवंत? खुणा तूच करणार ना आज?"

"जा रे, आपलं काम बघ."

डॉयलने त्याच्या तोंडाकडे नाही, कानांकडे पाहिलं. मर्लच्या हातात चांगली पानं आली की कान लालभडक व्हायचे. गुरुवारच्या पत्त्यांत डॉयलने वर्षानुवर्षं त्याला त्यावरच लुटलं होतं. आज कान नेहमीसारखेच होते.

"बुजगावणं केलं होय तुला," डॉयल हसला. "लाल की निळी, तेवढं शोधतो मग." आणि गेला.

ऊन टाळू भाजत होतं. मर्लने पहिल्यांदा हात हलवले ते रागानेच. पण मैदान समोर असलं की त्याचा राग टिकत नसे. डॉयलची पोरं मध्ये गर्दी करतायत; मग कडेने पळा. त्याने तशी खूण केली. ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते त्या क्वार्टरबॅक टेव्हिननेही चेंडू कडेलाच दिला.

बार्नहार्टला अक्कल आहे म्हणायची, मर्लच्या मनात आलं. माझे कोलाचे अगदीच वाया नाही गेले.

पुढच्या वेळी त्याने लांब फेकायची खूण केली. टेव्हिन चेंडू घेऊन स्वतःच पळत सुटला आणि आपटला. "अरे, फेकायचा होता!" मर्ल ओरडला. लाल टोपीवाला शांतपणे हात हलवत उभा होता. मी असतो तर, मर्ल पुटपुटला. हे 'मी असतो तर' त्याला आयुष्यभर पुरलं होतं.

दुपार कलली तरी सामना अटीतटीचाच. पलीकडे डॉयलची माणसं दोन टोप्यांकडे टक लावून होती, आणि त्यांचे अंदाज सारखे चुकत होते. डॉयल हातातली पाटी आपटत होता. मर्लला त्या सगळ्याचा विसर पडला होता. तो आपल्या मनातला सामना खेळत होता, आणि कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटचे काही सेकंद. तीन गुणांनी मागे. शेवटची संधी. स्टँडमधून सगळे ओरडत होते, "किक मारा, निदान बरोबरी करा!"

मर्लला हसू आलं. कोण बघतंय? त्याने दोन्ही हातांनी पातेलं ढवळल्यासारखी खूण केली. ही त्याची स्वतःची चाल. सगळ्यांनी डावीकडे धावायचं, आणि चेंडू मागून उजवीकडे, एकट्या राहिलेल्या क्वार्टरबॅककडे फेकायचा. डॉयल तिला 'लॉइसचं पातेलं' म्हणून हिणवायचा. बार्नहार्टने उन्हाळ्यात पोरांकडून ती बसवून घेतली होती, गंमत म्हणून असेल.

संघ डावीकडे धावला. डॉयलचा अख्खा संघ त्यामागे धावला. आणि चेंडू उंच, उजवीकडे गेला. तिथे टेव्हिन एकटा उभा होता. त्याने तो झेलला आणि चालत चालत शेवटची रेषा ओलांडली, सामना खिशात.

गर्दीतून वाट काढत मर्ल बार्नहार्टपाशी पोचला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"कोच, मी सोडतोय. आजच सांगणार होतो. पण ही चाल... जन्मात एकदा तरी मला ती सांगायची होती. तुम्ही सांगितलीत. असू दे, बघायला तरी मिळाली."

बार्नहार्टने हाक मारली, "टेव्हिन, इकडे ये. दुपारभर कुणाच्या खुणा बघत होतास?"

टेव्हिनने जिंकलेला चेंडू मर्लच्या हातात ठेवला. "यांच्याच की. एकदा तेवढं वाट मोकळी दिसली म्हणून ऐकलं नाही, तर आपटलो. लाल टोपी काय, ती दुपारभर नुसते हातवारे करून पिझ्झा मागवत होती."

मर्ल चेंडूकडे बघत राहिला. मग बार्नहार्टकडे.

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

बार्नहार्टने हसत मर्लच्या कानांकडे बोट दाखवलं. ते लालभडक झाले होते.