गुळगुळीत गल्ली

इंजिनिअरने बादली गल्लीत उपडी केली आणि सगळे खाली बघत उभे राहिले. पाणी जागच्या जागी जिरायला हवं होतं. त्यासाठीच तर वाळू न घालता नुसत्या खडी-सिमेंटचं हे काँक्रीट घातलं होतं. पण पाणी कसलं जिरतंय! जरा थबकलं आणि उताराने टोकाच्या घराकडे निघालं.

त्या घराच्या दारात म्हाताऱ्या गवंड्याची लेक कडेवर पोर घेऊन उभी होती. दर पावसाळ्यात तिच्या खोलीत गुडघाभर पाणी. गल्लीचं काम बापाकडे आलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता.

गाडीतून न उतरताच मोठे साहेब म्हणाले, हे खूळ आता बंद करा. काच वर गेली, गाडी गेली.

इंजिनिअर उकिडवा बसला. त्याने जमिनीवर तळहात फिरवला. "मामा, वरून घोटलंत?"

गवंड्याने मान डोलावली. हात फिरवू नका, छिद्रं बुजतील, असं या इंजिनिअर पोराने बजावलं होतं खरं. पण देवीच्या व्रणांनी भरलेल्या तोंडासारखी ती गल्ली लेकीच्या दारात तशीच सोडायची? शेजारणी काय म्हणाल्या असत्या, बापाला थापी धरता येत नाही? मग त्याने कोरं सिमेंट भुरभुरलं, पाणी शिंपडलं आणि गुडघ्यांवर सरकत सरकत गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत घोटून काढली. बघणाऱ्यांनी वाहवा केली, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"फोडून पुन्हा घालतो. मजुरी नको," तो म्हणाला.

त्याचा काही उपयोग नव्हता. ही एकच गल्ली नमुन्याची होती. ती जमली असती तर सगळ्या वस्तीत असंच काम झालं असतं. आता उरलेली खडी दुसरीकडे जाणार होती. इंजिनिअर रागावला असता तरी चाललं असतं. तो नुसता रिकामी बादली घेऊन निघून गेला.

लेकीने सगळं ऐकलं होतं. तिने फडकं आणून दारातलं पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं.

"बाबा, यंदा खाटेखाली आणखी दोन-दोन विटा लावू," ती म्हणाली. "तुम्हीच लावून द्या. तुमच्या हातचं काम हलत नाही."