इरादा, एक ते सात

दवाखान्याचं पत्र कधीचं फळीवर, चष्म्याच्या घराखाली पडून होतं. सोबत पत्ता छापलेलं पाकीट होतं, प्रश्न अवघे दोन होते. तरी निरीक्षकांकडून उत्तर गेलं नव्हतं. वजनमाप खात्यात असताना त्यांनी बाजारातला एकेक तराजू तपासला होता. रक्तदाबाची गोळी मात्र ते डोकं जड वाटलं तरच घेत.

'पुढचा महिनाभर रोज गोळी घेण्याचा माझा इरादा आहे. एक ते सातपैकी योग्य आकड्याला गोल करा. एक म्हणजे मुळीच नाही, सात म्हणजे अगदी नक्की.'

"करा की सातला गोल, आणि टाका पेटीत," बायको म्हणाली.

"वजन न करताच शिक्का मारू?"

"तुमच्या दादांचं अर्धं अंग गेलं ना, तेही आदल्या दिवसापर्यंत 'मला काही होत नाही' म्हणत होते. मला एकटीला तुम्हाला उचलता यायचं नाही, आताच सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी चहाआधी निरीक्षकांनी गोळी घेतली. नुसतं माप तपासायला, असं स्वतःला बजावून. तिसऱ्या दिवशीही घेतली. गोळ्यांची पट्टी संपली, नवी आली. बायको पाण्याचा पेला ठेवी आणि पाठ फिरवी. लक्ष असल्याचं दाखवत नसे.

मग एका सकाळी त्यांनी पेन काढलं. ते सातावर टेकलं, घुटमळलं, मागे आलं. त्यांनी सहाला गोल केला.

"एवढ्यात एक दिवस चुकला नाही, आणि सहा? एक कुठे खाल्लात?"

"ते झालेलं. हे पुढचं विचारतायत. तराजूलासुद्धा थोडी चूक माफ असते गं."

दुसरा प्रश्न होता: 'मी गोळी घ्यावी असं माझ्या जवळच्या माणसांना वाटतं.'

पेन थांबलं. "हे मी कसं सांगू?" ते कागदाकडे बघतच पुटपुटले.

बायकोने त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि सातला गोल केला. त्यावरून पुन्हा एक, मग आणखी एक. कागद फाटायच्या बेताला आला.

संध्याकाळी निरीक्षक कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट त्यांनी क्षणभर तळहातावर तोललं, आणि आत सोडलं.