हुलग्याचा ठपका

“म्हणजे हुलग्यानं नाही?” प्रियदर्शनीने पुन्हा विचारलं.

“नाही हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हुलग्यानं नाही, चालण्यानं नाही, वजन उचलण्यानंही नाही. तुमचा गर्भ पुण्याच्या प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हाच त्यात गुणसूत्रांचा घोळ होता. सोळाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन. असा गर्भ रुजतो, थोडा वाढतो आणि जातो. तुम्ही सगळा वेळ गादीवर पडून राहिला असतात, तरी तो गेलाच असता.”

विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात राजरत्न, तिचा नवरा, शेजारी मान खाली घालून बसला होता. हे दुसरं. पुण्याच्या खेपा, सुया, टेस्ट ट्यूबचे उपचार, सगळं करून दोन्ही वेळा तिसरा महिना काही पुरा झाला नाही. या खेपेला डॉक्टरांनी गेलेल्या गर्भाचा अंश मुंबईला तपासायला पाठवला होता, म्हणून हे कळलं तरी.

“आणि पहिलं?” प्रियदर्शनीने विचारलं.

“ते तपासलं नव्हतं. बहुतेक तसंच असणार. पण वाटीभर हुलग्याच्या शेंगोळ्यांनी गर्भ पडत नाही, एवढं खात्रीनं सांगते.”

प्रियदर्शनीला रडू फुटलं. राजरत्नला वाटलं, बाळासाठी रडतेय. बाळासाठी तर होतंच. पण त्याहून जास्त आईसाठी होतं.

पहिल्या वेळी दिवस राहिल्यावर ती माहेरी, कोरेगावजवळच्या आपल्या गावी गेली होती. अन्नाचा वास सहन होईना. पोटात पाणी ठरेना. आणि डोहाळा कसला लागावा, तर हुलग्याच्या पिठाच्या, झणझणीत रश्शातल्या शेंगोळ्यांचा. आता हुलगा पडला उष्ण. त्या भागात पोटुशी बाई त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. बाळंत झाल्यावर काय तो खायचा. तिची आई चंद्राबाई म्हणाली, “आत्ता नगं बाई, बाळातपनात रोज करून घालीन.” तिने टाळायचं तेवढं टाळलं. पण लेक उपाशी. कुठल्या आईला बघवेल? शेवटी केली शेंगोळी. लेकीने ताट पुसून खाल्लं, वर आणखी मागून घेतलं. आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं.

तेव्हा दवाखान्यात चंद्राबाई उशाशी बसली होती. प्रियदर्शनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मी मागितलं, पण तुला कळत होतं ना? माझं लेकरू तू घालवलंस.”

म्हातारी चार शब्द उलटून बोलेल, निदान रडेल तरी, असं राजरत्नला वाटलं. ती बोलली नाही आणि रडलीही नाही. पिशवी उचलली आणि एसटीने गावी निघून गेली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. चंद्राबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही ही गेली नाही. पोरांना शाळेत विज्ञान शिकवते म्हणे! विज्ञान पुस्तकात राहिलं आणि आई तेवढी गुन्हेगार ठरली.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून दुसऱ्याच दिवशी प्रियदर्शनी गावी निघाली. राजरत्न म्हणाला, “मीही येतो.”

“नको,” ती म्हणाली. “हे माझं मलाच निस्तरायचंय.”

चंद्राबाई दारात घेवडा सोलत बसली होती. लेक समोर येऊन उभी राहिली, तशी तिने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. पुन्हा दिवस राहिल्याचं जावयाकडून तिच्या कानावर आलं होतं. तिला कळायचं ते कळलं.

“हेबी?”

“हेही,” प्रियदर्शनी म्हणाली.

“आत ये. च्या ठिवते.”

“चहा राहू दे आई. आधी ऐक.” एसटीत तिने सगळं मनाशी नीट जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र कसंबसं बाहेर पडलं. “तुझ्या शेंगोळ्यांनी नाही गेलं ते. ते मुळातच जगणारं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, आईच्या हातात यातलं काही नसतं, आजीच्या तर नाहीच नाही. मी उगाच तुझ्यावर घातलं. चुकले मी.”

‘चुकले’ हा शब्द चंद्राबाईला ऐकूच गेला नसावा. हातातली शेंग तशीच राहिली.

“आईच्या हातात काय नसतंया?”

“नाही.”

“खान्यानं जात न्हाई?”

“नाही.”

“आन् हंडा उचलल्यानं?”

“त्यानंही नाही,” प्रियदर्शनी म्हणाली, आणि मग थबकली. “हंड्याचं कुठून काढलंस?”

“तुज्या आदी दोन गेली माजी,” चंद्राबाई म्हणाली. हे प्रियदर्शनीला आजवर कुणीही सांगितलं नव्हतं. “वड्यावरनं पानी आनायचे मी. सासू म्हनली, हंडा उचलून तूच घालीवलीस, आता रडायचं सोंग करू नगंस. मंग न्हाई रडले. जिनं घालीवली तिनं कुठल्या तोंडानं रडायचं?”

त्या दोघांचं काय झालं होतं, हे आता जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नव्हता. प्रियदर्शनीला ते पक्कं ठाऊक होतं.

“ती तुझ्यामुळे नाही गेली, आई,” ती म्हणाली.

चंद्राबाईने हातातली शेंग खाली ठेवली. एवढी सत्तरीला टेकलेली बाई, पण परवानगी मागावी तसं तिने हळूच विचारलं, “मंग आता रडू का गं मी त्येंच्यासाटी?”