बॅटरीचं जॅकेट

पंचफुला गेल्याचं डायलिसिस वॉर्डात कळलं ते देवमनच्या हातातलं जॅकेट पाहून. अकोल्याच्या त्या दवाखान्यात तो दर सोमवारी आणि गुरुवारी बायकोला घेऊन यायचा. या सोमवारी जॅकेट हातात होतं आणि मागे कोणी नव्हतं. पौर्णिमा सिस्टरनं मधल्या दिवसांत फोन केले होते, ते कोणी उचलले नव्हते. तिनं त्याच्या मागे पाहिलं, मग जॅकेटकडे पाहिलं.

“कधी, काका?”

“मागच्या सोमवारी. निघायच्या आधीच.”

सिस्टरनं वॉर्डाचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, “आत तसं सांगू नका. नागपूरला नेलं म्हणा. इथं आम्ही तसंच सांगतो.”

खिडकीजवळच्या बेडवर दुर्गाबाई शाल पांघरून बसली होती. तिला अजून मशीन लावायचं होतं. तिचा नवरा नत्थुजी पायाशी स्टुलावर होता. शेजारचा बेड पंचफुलाचा. त्यावर आज एक अनोळखी माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

“एकटेच आले, भाऊ?” दुर्गाबाईनं विचारलं.

“तिले नागपूरले नेलं.”

दुर्गाबाईनं शेजारच्या बेडकडे पाहिलं. या वॉर्डातून नागपूरला गेलेलं माणूस परत आलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“मंग हे जॅकेट इथं काहून?”

“तिकडं थंडी नाई,” देवमन म्हणाला. “तुमाले होईल म्हणून आणलं.”

नत्थुजीनं जॅकेटला हात लावला आणि मागे घेतला. “तिचं तिले राहू द्या ना, भाऊ.”

“तुमी चूप बसा. थंडी मले वाजते का तुमाले?” दुर्गाबाईनं हात पुढे केला. “द्या इकडं.”

बिनबाह्यांचं, पातळ जॅकेट होतं. ती शालीवरूनच ते चढवू लागली.

“शालीवरून नाई,” देवमन म्हणाला. “आधी हे, अन् याच्यावर शाल. अंगाजवळ असलं तरच गरम लागते. तिनंबी पयल्या दिवशी स्वेटरवरून घातलं होतं. दिवसभर म्हणे, आपल्या पोराले, अनुपले, दुकानदारानं फसवलं.”

“गरम कायनं होते हे?” नत्थुजीनं विचारलं.

देवमननं जॅकेट उलटं केलं. अस्तराखाली पाठीवर एक आणि पोटाकडे दोन चौकोन हाताला लागत होते. “याच्यात केसावाणी तारा हायेत, कार्बनच्या. बॅटरीचा करंट त्याच्यातून गेला का त्या तापतात. इस्त्री तापते तसं, पण लय कमी.”

“झटका बसला त?”

“नाई बसत. मोबाईलले चार्ज करतो ना आपण, तशीच बॅटरी हाय.” देवमन थोडा हसला. “तिलेबी हेच भेव. म्हणे, आधी तुमी घाला. तुमाले काई झालं नाई त मंग मी घालीन. मे महिना चालू होता. कूलरपुढं बसून घातलं मी. शेजारचे येऊन पाहून गेले.”

नत्थुजी मोठ्यानं हसला. दुर्गाबाई हसली नाही. “मे महिन्यातबी तिले मशीनवर थंडी वाजे,” ती म्हणाली. “म्हणे, रक्त बाहेरून फिरून येते, थंडी घेऊन येते.”

देवमननं बॅटरी आतल्या खिशात ठेवली, वायरची पिन जोडली आणि छातीवरचं बटन दाबून धरलं. लाल दिवा लागला. “आधी लाल, सगळ्यात गरम. अजून एकदा दाबलं का पांढरा, मंग निळा. तुमी निळ्यावरच ठेवजा. लालवर तिचं बीपी पडलं होतं, अन् सिस्टर रागावली मले. मशीन लागायच्या आधीच घालत जा. सुया लागल्यावर हात यातून जात नाई.”

त्यानं दिवा बंद केला आणि नत्थुजीला लावायला सांगितलं. नत्थुजीनं बटन नुसतं दाबून सोडलं. काही झालं नाही. परत दाबलं, परत सोडलं. देवमन घाई न करता पाहत राहिला. तिसऱ्यांदा दाबून धरल्यावर दिवा लागला, आणि नत्थुजीनं तो बरोबर निळ्यावर आणला.

दुर्गाबाईनं जॅकेट घातलं, वरून शाल घेतली आणि उशीला टेकली. तिघंही वाट पाहत राहिले.

“आलं,” ती म्हणाली. “पाठीले आलं.”

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “पंचफुलाबाई म्हणे, कोणी पाठीवर हात ठेवल्यावाणी लागते. मी इचारलं, भाऊनं का? त म्हणे, ते कायचे ठेवतात. ते बॅटरी बदलतात.”

देवमन खाली पाहून हसला.

“बॅटरी बदला लागते?” नत्थुजीनं विचारलं.

“शेवटी शेवटी उतरते. मधात बदलून द्या लागते.”

“दुसरी हाय ना?”

“हाय. घरी हाय.”

“मंग गुरुवारी आणजा, भाऊ. नाई त निम्म्यातच ही कुडकुडन.”

“आणतो,” देवमन म्हणाला.

सिस्टर सुयांचा ट्रे घेऊन आली. देवमन बाजूला सरकला आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडला.

दुसरी बॅटरी बार्शीटाकळीच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ चार्जिंगला लावलेली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी पंचफुलानं ती स्वतः लावली होती. तिच्या साड्या, तिच्या गोळ्या, तिचं सगळं पोरीनं आवरून टाकलं होतं. चार्जरचा दिवा कधीचाच हिरवा झाला होता. बटन बंद करून बॅटरी काढायची राहिली होती.