चुन्याचे कण

पहाटे उठून बसताच खोली गरगर फिरली, तशी रंगनाथ गवंड्याने डोळे मिटून खाट घट्ट धरली. डोळे उघडले तेव्हा त्याने मुद्दाम आढ्याला टांगलेल्या ओळंब्याची दोरी सरळच होती. म्हणजे घर जागेवर होतं, बिघाड त्याच्यातच होता.

बायकोने अशक्तपणा समजून पंधरा दिवस खारीक-दूध पाजलं होतं. परांचीवर चढणं तर बंदच झालं होतं. शेवटी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बीपी, साखर तपासली. मग त्याला आडवं करून मान हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे वळवली आणि उठवून बसवलं. खोली फिरली नाही.

"कानात चुन्याचे बारीक कण असतात, त्यांच्यावरून तोल कळतो. तुमचे जागचे सरकले होते."

"चुन्याचे? कधीपासून?"

"आईच्या पोटात असल्यापासून."

रंगनाथ कितीतरी वेळ कानाला हात लावून बसला.

दसऱ्याला त्याने थापीला, ओळंब्याला कुंकू लावलं आणि तेच बोट आपल्या दोन्ही कानांना टेकवलं. बायकोला हसू फुटलं. पण त्याचे जोडलेले हात पाहून तिनेही कुंकवाचं बोट आपल्या कानाला लावलं.